गुरुवारची पन्नास कार्डं

२ जानेवारी, गुरुवार

ही वही मला कॉलेजात निबंधाच्या बक्षिसात मिळाली होती. तीन वर्षं कोरी ठेवली, कारण लिहून ठेवावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं.

माझ्या देखरेखीखालची पहिली दुपारची मैफल पार पडली. दर गुरुवारी एक ते पावणेदोन, संस्थेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात, विनातिकीट. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत येतात, ओळखपत्रं गळ्यात तशीच. वाजवणारे सगळे पंचविशीच्या आतले. व्हायोलिन, चेलो, पियानो. दोघं, तिघं, फार तर पाच जण. मानधन नाही. "आपण त्यांना कान देतो," असं संचालिकाबाई म्हणतात. मला हे वाक्य फार आवडतं.

माझी नेमणूक तात्पुरती आहे. कायम करायचं की नाही ते मार्चअखेर ठरेल. पण आज मी बाईंना एक कल्पना सांगितली आणि त्यांनी ती तिथल्या तिथे उचलली. प्रत्येक श्रोत्याला दारातच एक कार्ड द्यायचं. जाताना त्यावर मत लिहायचं, पेटीत टाकायचं. वाजवणाऱ्यांनाही खरं कळेल आणि निवडही पारदर्शक होईल. आजवर कोण चांगलं हे चार मोठी माणसं बंद खोलीत ठरवत होती. आता ऐकणारे ठरवतील.

दारावर बाबा असतात. चार वर्षांपासून ते इथले दरवान आहेत. आमचं नातं कुणाला सांगायचं नाही हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. मला वशिल्याचा डाग नको. बाबा तर इतके चोख की मला सलाम ठोकतात. "या मॅडम." मी मान हलवते. घरी आल्यावर दोघंही पोट धरून हसतो.

९ जानेवारी, गुरुवार

श्रोते ऐंशी. कार्डं सतरा. त्यांतली पंधरा "छान", एक "पंखा कुरकुरतो" आणि एकावर कुणीतरी बदक काढलेलं.

बाईंनी कार्डं पत्त्यांसारखी पिसली आणि टेबलावर टाकली. "छान हे मत नव्हे, शिष्टाचार आहे. मला विश्वस्तांसमोर मतं ठेवायची आहेत. पन्नास कार्डं, दर गुरुवारी. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मग हा उपक्रम कशाला आणि तुझी जागा तरी कशाला?"

त्या स्पष्ट बोलतात. मला अशीच माणसं आवडतात.

घरी जेवताना सगळं सांगितलं. बाबांच्या उजव्या कानाशी बोलावं लागतं. छापखान्यात बावीस वर्षं यंत्रापाशी उभं राहून डावा पार गेला आणि उजवाही अर्धाच उरलाय. ते म्हणाले, "मग लिहायला हवं तरी कसं?" मी त्यांना नमुने वाचून दाखवले. दुसऱ्या रचनेत लय ओढली गेली. आतल्या वाद्यांचा आवाज दबला.

"आतली वाद्यं म्हणजे?"

मी समजावलं, की चार तंतुवाद्यांचा संच असतो. वर पहिलं व्हायोलिन, ते सगळ्यांना ऐकू येतं. खाली चेलो, तोही कळतो. मध्ये दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, चुकले तरच जातं.

"म्हणजे दरवान," बाबा म्हणाले.

आई हसली. "बाप दारात, लेक ऑफिसात, आणि गाणं कळतं एकालाही नाही." तिला मी सांगितलं की हे गाणं नाही, वादन आहे. ती म्हणाली, "तेच ते."

बाबांनी नमुने पुन्हा वाचायला लावले. त्यांना एवढा रस वाटतो हे पाहून मला भरून आलं. त्यांना मी सहीपलीकडे काही लिहिताना कधी पाहिलं नाही. शिकायला मिळालं असतं तर ते कुठल्या कुठे गेले असते.

१६ जानेवारी, गुरुवार

त्रेपन्न! माझा जीव भांड्यात पडला.

आणि कसली मतं! "लय ओढली गेली." "आतल्या वाद्यांचा आवाज दबला." "शेवट घाईत." एका आठवड्यात लोकांचा कान इतका तयार होतो, फक्त त्यांना कुणी विचारलं पाहिजे. निम्म्याहून अधिक कार्डं हिरव्या शाईत आहेत. दारावरच्या नोंदवहीचं हिरवं पेन दोऱ्याने बांधलेलं असतं, लोक तेच वापरत असणार. पुढच्या वेळी दहा-बारा पेनं ठेवायला हवीत.

बाई म्हणाल्या, "शाब्बास." एवढंच. पण त्यांच्या तोंडून.

बाबा आज तासभर उशिरा घरी आले. खुर्च्या रचत बसले होते म्हणे. त्यांच्या वयाला हे बरं नाही. बाईंशी बोलेन, आमचं नातं मध्ये न आणता.

२३ जानेवारी, गुरुवार

आज चौकडी आली. ऑफिसात त्यांना सगळे चौकडीच म्हणतात. व्हायोलिनवर पहिला आणि दुसरी, शिवाय व्हिओलावाली आणि चेलोवाला. (बाबा घरी म्हणाले, "चांडाळ आहेत का?" मी म्हटलं, फार सभ्य आहेत.) संध्याकाळच्या तिकिटाच्या मालिकेत या वर्षी एकच तरुण संच घ्यायचा आहे. वर्षभराची शिष्यवृत्ती आणि संस्थेच्या काचेच्या कपाटातली चार जुनी वाद्यं वाजवायला. चौकडीचं नाव सगळ्यांत वर आहे. दोन गुरुवारी त्यांना ऐकायचं आणि मग ठरवायचं.

वादनानंतर दुसरी माझ्या टेबलापाशी आली. माझ्याच वयाची. पहाटे चारपासून बेकरीत काम करते, तिथून थेट सरावाला. मनगटावर भट्टीच्या पत्र्याचा चटका बसलेला, त्यावर पीठ तसंच. व्हायोलिन तिच्या गुरुजींचं आहे आणि मार्चमध्ये ते परत द्यायचं आहे. संस्थेचं मिळालं नाही तर हातात काहीच नाही. हे तिने हसत सांगितलं.

"ती कार्डं आम्हाला दाखवता का हो? आमच्यात कुणी मला काही बोलतच नाही. पहिला म्हणतो, तू आहेस म्हणून जमतं. पण ते असंच म्हणायचं असतं ना."

मी तिला शब्द दिला की माझ्याकडून तिला काहीही गोड करून कळणार नाही. तिने माझा हात धरला. तिलाही खरं हवंय. अशी माणसं थोडी.

आजची कार्डं एकावन्न. दुसऱ्या व्हायोलिनबद्दल चार जणांनी लिहिलंय, "मागे पडतं." मला स्वतःला तसं वाटलं नाही, पण मी कोण?

३ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी नवीन खुर्ची दिली. पाठीला टेकू असलेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चौकडीची दुसरी मैफल. मला ऐकता आली नाही. संध्याकाळच्या मालिकेची पत्रिका छापायला गेलीय, तिचा नमुना तपासायला बाईंनी ऐन बाराला पाठवलं. छापखान्यात एक गंमत झाली. चौकडीच्या फोटोत दुसरीच्या जागी वेगळीच मुलगी उभी! बाईंकडे शनिवारी शिकायला येते ती, लांब वेणीची. छापणाऱ्याला म्हटलं, अहो हे चुकलंय. तो म्हणाला, "मॅडम, मला आलं तसं लावलं." परत येऊन बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नमुन्याचा फोटो आहे गं तो. निवड कुठे झालीय अजून? कार्डं आण."

कार्डं बावन्न. त्यांतल्या एकोणीस जणांनी दुसऱ्या व्हायोलिनचं नाव घेतलंय. मी बाईंना एकेक वाचून दाखवलं. "तिसऱ्या रचनेत दुसरं व्हायोलिन मागे पडलं." "तिसऱ्या रचनेत दुसरं व्हायोलिन ऐकूच आलं नाही." "दुसऱ्या व्हायोलिनला घाम फुटला होता."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "श्रोते निष्ठुर असतात. आणि बरोबर असतात. संच चांगला आहे, त्या एका मुलीपायी तिघांचं नुकसान का? तिला पत्र लिही. मी लिहिलं तर गोड होईल. तू खरी आहेस, सहीही तूच कर."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पत्राचे चार खर्डे झाले. पहिल्यात "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा" असं लिहिलं आणि खोडलं. तिला शब्द दिलाय. शेवटी एकोणीसच्या एकोणीस मतं क्रमांक घालून जशीच्या तशी उतरवली. घामाचं सुद्धा. ते गाळावंसं वाटलं, पण गाळायला लागलं की मग थांबायचं कुठे?

बाबांना वाचून दाखवलं. ते ताट सरकवून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आल्यावर म्हणाले, "एवढं सगळं लिहायलाच हवं का? नुसतं नाही म्हणून टाक की."

मी म्हटलं, "बाबा, एकोणीस माणसांनी वेळ काढून लिहिलंय. त्यांचा मान नको राखायला?"

"राख बाई," ते म्हणाले आणि दिवा न लावताच आतल्या खोलीत जाऊन बसले. वय झालंय त्यांचं. कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिला येऊन करारावर सही करून गेला. दुसरीबद्दल एक शब्द विचारला नाही. जाताना एवढंच, "बाईंची शिष्या सरावाला सोमवारपासून येणार ना? तिने मंगळवार म्हटलं होतं." कधी म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही. कलावंत एकमेकांना ओळखतच असतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी आली होती. सरळ माझ्या टेबलापाशी, बेकरीच्या एप्रनमध्ये. पत्र चार घड्या करून खिशात ठेवलेलं. उलगडून माझ्यापुढे ठेवलं, तर कडांना लोणी लागलेलं.

"ही माणसं कुठे बसली होती?"

मी म्हटलं, नावं गुप्त असतात. तोच तर नियम आहे.

"नावं नकोत मला. मला फक्त सांगा, कुठल्या सभागृहात बसली होती? त्या दिवशी वरच्या खोलीतून वाद्यं खाली आणताना लिफ्ट अडकली. चेलोवाला आत, चेलो आत. पंधरा मिनिटं. सव्वाला सुरू केलं आम्ही. पावणेदोनला संपवायचंच असतं ना तुमच्याकडे? म्हणून तिसरी रचना गाळली. वाजवलीच नाही हो आम्ही ती." तिने बोट ठेवलं. "एक, दोन, पाच, सहा, नऊ... चौदा जणांनी ऐकली. मी कशी वाजवली ते मलाही सांगा की."

मी म्हटलं, काहीतरी गफलत असेल. ती म्हणाली, "मी आठ दिवस व्हायोलिनला हात लावला नाही. पेटी उघडली की घामाचंच आठवतं." रडली नाही. पत्र तिथेच ठेवून गेली.

मी पेटी काढली. जानेवारीपासूनची सगळी कार्डं जमिनीवर मांडली. हिरवी एकीकडे, बाकीची एकीकडे. मग खाली जाऊन दारावरची नोंदवही उघडली. येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं, वेळा, गाड्यांचे नंबर. सगळं हिरवं. तोच तो उभा, मोठा, टेकू देऊन काढलेला काना.

बाबा शेजारीच उभे होते. मला पाहून सलाम ठोकायला हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला.

दोघं घरी आलो. आईने भाकरी थापायचं थांबवलं.

"तुम्हाला लिहिता येतं?" मी पहिल्यांदा हेच विचारलं. का, कोण जाणे.

"सातवी पास आहे गं मी. तू कधी विचारलंस?"

मग सगळं सांगितलं. लोक कार्डं खुर्चीवरच टाकून जात. बाबा ती गोळा करत, मागच्या खोलीत बसून भरत, मी वाचलेले नमुने आठवून आठवून. दर गुरुवारी तीस-पस्तीस. वादन त्यांनी कधी ऐकलंच नाही. दाराच्या काचेतून हात हलताना दिसतात, बस्स. तेरा तारखेला तर लिफ्टपाशी होते, दार उघडायला. मग छापील कार्यक्रम बघून लिहिलं.

"आणि तिचंच का? दुसरीचंच?"

बाबांनी मान खाली घातली. "तूच म्हणालीस ना, मधल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पहिल्याला वाईट लिहिलं असतं तर बोभाटा झाला असता. मला वाटलं, मधल्याला लिहिलं तर कुणाला लागणार नाही. नोकरी जाणार होती तुझी."

२६ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर विचार केला. मी गप्प बसले तर त्या बंद खोलीतल्या चार माणसांत आणि माझ्यात फरक काय? नात्याला सूट नाही, हे मीच ठरवलं होतं. लेखी निवेदन तयार केलं आहे. दीड पान. कुणाचंही नाव गाळलेलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला.

"मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. ऐंशी माणसांत हिरव्या पेनाने लिहिणारी तीस कशी निघतील? आणि ते तुझे वडील आहेत, हेही माहीत आहे. नाक बघ आरशात."

मी म्हटलं, मग दुसरीला परत घ्यायला हवं.

"कार्डं खोटी होती. निर्णय खोटा नाही. पत्रिका छापून झाल्यात." मग निवेदनावर टिचकी मारली. "पण हे आता लेखी आलंय. तोंडी असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. दरवानाने कागदपत्रांत फेरफार केला, असं तू सहीनिशी म्हणतेस. मला कारवाई करावी लागेल. तुझा प्रामाणिकपणा मात्र विश्वस्तांच्या कानावर घालते."

बाबांना चार वाजता बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर आले. मी जिन्यात उभी होते. त्यांनी सलाम केला नाही, आणि "बाळ" अशी हाकही मारली नाही. दोन्हींपैकी कुठलं करायचं ते त्यांना सुचलं नसावं.

घरी आई एवढंच म्हणाली, "खरं बोलायचं होतं ना तुला? बोललीस. आता जेवून घे."

मला आतून स्वच्छ वाटतंय. वाईटही वाटतंय, पण स्वच्छ.

६ मार्च, गुरुवार

गणवेश परत द्यायचा होता. आईने धुऊन, इस्त्री करून, शर्टाचं वरचं बटण पक्कं करून दिला. मीच पिशवीतून नेला. भांडारातल्या माणसाने उलटापालटा करून पाहिला आणि पोचपावती दिली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज किती आली?"

"तेवीस."

थोड्या वेळाने मला दिसलं, मांडीवर बोटाने काहीतरी गिरवत होते. मी डाव्या बाजूने हाक मारली. अर्थातच त्यांना ऐकू आली नाही.

दुसरीला मी पत्र लिहिलंय, की आधीच्या पत्रातली मतं अधिकृत धरू नयेत. निर्णय मात्र कायम आहे, हेही लिहिलं. नाहीतर उगाच आशा लागायची.

१९ मार्च, बुधवार

बाईंनी आठवण करून दिली. उद्या विश्वस्त येणार, माझ्या नेमणुकीचा निर्णय परवा. "पन्नासचा आकडा आहे तसाच आहे. आता खरी हवीत. तूच म्हणालीस."

२० मार्च, गुरुवार

नवीन दरवान अजून नेमलेला नाही, म्हणून दारावर मीच उभी राहिले. चौकडी होती, नव्या दुसरीसह. संस्थेची वाद्यं प्रथमच कपाटाबाहेर आली. तिचं वादन स्वच्छ आहे. काचेसारखं.

एकला पाच मिनिटं कमी असताना आमची जुनी दुसरी आली. हात रिकामे. म्हणाली, "गुरुजींना परत देऊन येतेय. वाटेतच होतं तुमचं." मी कार्ड पुढे केलं. तिने ते घेतलं, मागून पुढून पाहिलं. "पेन आहे?" मी नोंदवहीचं पेन सोडवून दिलं. तिने त्याचा रंग पाहिला की नाही, मला कळलं नाही. ती भिंतीकडेच्या शेवटच्या खुर्चीत बसली. अख्खा वेळ तिची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. एकदाही चुकली नसावीत, नव्या दुसरीच्या बोटांबरोबर थांबत होती आणि बरोबर निघत होती.

पावणेदोनला मी दाराच्या मधोमध उभी राहिले. कार्ड भरल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडलं नाही. कचेरीत परतायची घाई झालेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, संगीत ऐकायला आलो की जकात भरायला?" तरी लिहिलं त्यांनी. आज श्रोतेच कमी, एकोणपन्नास झाली. बहुतेक "छान". पण पेनं वेगवेगळी, अक्षरं वेगवेगळी.

ती सगळ्यांत शेवटी आली. कार्ड पेटीत न टाकता माझ्या हातात दिलं, पेनही. कोरं होतं.

"काही लिहायचं नाही?"

"मला ऐकू आलं," ती म्हणाली, "तेवढं पुरे." आणि गेली. एप्रनची गाठ मागे सुटली होती. हाक मारणार होते, पण विश्वस्त जिना उतरत होते.

एकोणपन्नास आणि एक कोरं. मी मागच्या खोलीत गेले. तिथे बाबांचं स्टूल अजून आहे. त्यावर बसले. ती आली होती, शेवटपर्यंत बसली होती, कार्ड तिचंच होतं. तिच्या मनात काय होतं ते तिच्या बोटांवरून कुणालाही कळलं असतं. ते कागदावर यायला हवं, एवढंच. लिहिलं, "दुसरं व्हायोलिन आता उत्तम. आधीपेक्षा पुष्कळ सुधारणा."

बाईंनी विश्वस्तांसमोर नेमकं तेच कार्ड मोठ्याने वाचलं. "हे बघा, याला म्हणतात मत." मला उद्या पत्र मिळेल.

घरी सांगितलं. आईने देवापुढे हात जोडले. बाबांनी मला उजव्या बाजूला बसवून दोनदा विचारलं, "पन्नास? खरीच पन्नास?" मी म्हटलं, "हो बाबा, खरीच." त्यांचा चेहरा इतका उजळला की बघत राहावं.

बाबांनी केलं ते वेगळं होतं. मी निदान ऐकलं होतं. दारातून, मोजता मोजता, पण जवळजवळ सगळं.